रेषा कुणी ओढली? फिशरच्या तक्त्यापासून जनुकसंचांपर्यंत

आजचा विषय नावानं जरा रुक्ष वाटेल, पण त्यातला प्रश्न तुमच्या-माझ्या ओळखीचा आहे. दहावीला ३५ गुण मिळाले की पास, ३४ मिळाले की नापास. आता ३४ आणि ३५ यांच्यात विद्येचा असा कोणता फरक असतो? काहीच नसतो, आणि म्हणूनच तर बोर्डाला सवलतीचे गुण ठेवावे लागतात. पण रेषा कुठेतरी ओढावी लागते हेही खरं. निकालपत्रावर काहीतरी लिहायचं असतं ना.

रेषा ओढण्याबद्दल माझी तक्रार नाही. ती कुणी ओढली, कधी ओढली, कोणत्या कामासाठी ओढली, हे विसरलं गेलं की मात्र घोटाळा होतो. मग ती रेषा निसर्गातच होती असं वाटायला लागतं. आज आपण बघणार आहोत ती रेषा इंग्लंडमधल्या शेतीच्या प्रयोगांतून प्रसिद्धीला आली. पुढे पाऊणशे वर्षांनी मधुमेह झालेल्या माणसांच्या स्नायूंत नेमकं काय बिघडतं, या प्रश्नाच्या आड तीच रेषा आली. तिला टाळायला एक नवी पद्धत काढावी लागली, आणि त्या नव्या पद्धतीतही ती दुसऱ्या दारानं परत शिरली. एवढीच आजची गोष्ट.

सुरुवात जरा मागून करू. एकोणिसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञ आणि जमीन मोजणारे लोक 'संभाव्य त्रुटी' नावाचं माप वापरत. खूप मोजमापं घेतली, तर मध्याच्या दोन्ही बाजूंना जेवढ्या अंतरात निम्मी मोजमापं पडतात, ते अंतर म्हणजे संभाव्य त्रुटी. एखादा फरक या मापाच्या तिप्पट निघाला तर तो खरा धरायला हरकत नाही, असा संकेत रूढ होता. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणारे विल्यम गॉसेट 'स्टुडंट' या टोपणनावानं लिहीत. त्यांच्या १९०८ च्या प्रसिद्ध निबंधातही हा तिपटीचा संकेत आहे, तोसुद्धा 'बहुतेक कामांसाठी' अशा बेतानं. आता गणित करून बघा. एक संभाव्य त्रुटी म्हणजे ०.६७४५ प्रमाणित विचलन. तिची तिप्पट २.०२. म्हणजे जवळपास दोन. आणि मध्यापासून दोन प्रमाणित विचलनांच्या बाहेर निव्वळ योगायोगानं पडण्याची शक्यता असते सुमारे साडेचार टक्के. ती पूर्णांकात आणली की पाच टक्के. लोक ०.०५ ला फिशरचा आकडा म्हणतात, पण फिशरच्या हाती तो येईपर्यंत त्याचं अर्धं आयुष्य सरलेलं होतं.

रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. तिथे १८४३ पासूनच्या खत-पिकांच्या नोंदी साठून होत्या. या वाफ्यात खत घातलं, त्यात नाही घातलं, उत्पन्नात फरक दिसतो, पण तो खताचा की पावसा-मातीचा? या कामातून १९२५ मध्ये त्यांचं संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक निघालं. त्यात त्यांनी वीसात एक, म्हणजे ०.०५, ही मर्यादा धरणं सोयीचं आहे असं सांगितलं. 'सोयीचं' हाच शब्द लक्षात ठेवा.

सोय कशी, तेही बघण्यासारखं आहे. त्या काळी संगणक नव्हता. आकडा काढला की तो छापील तक्त्यात शोधायचा. कार्ल पिअर्सन यांच्या गटाचे तक्ते मोठे होते, प्रत्येक किमतीपुढे तिची संभाव्यता दिलेली. फिशर यांनी तक्ता उलटा केला. मोजक्याच संभाव्यता निवडल्या, ०.१०, ०.०५, ०.०२, ०.०१ वगैरे, आणि प्रत्येकीपुढे किती किंमत लागते ते दिलं. पिअर्सन यांच्या तक्त्यांवर स्वामित्वहक्क होता, त्यामुळेही फिशर यांना ही वेगळी मांडणी करावी लागली, असं काही इतिहासकार सांगतात. कारण काहीही असो, परिणाम असा झाला की तक्ता उघडणाऱ्या माणसाला ०.०३७ किंवा ०.०६२ दिसेनासं झालं. त्याला फक्त रकाने दिसू लागले, आणि त्याचा आकडा कोणत्या रकान्याच्या अलीकडे नि कोणत्याच्या पलीकडे एवढंच. छापखान्याच्या पानात जेवढं मावलं, तेवढं विज्ञानाच्या सवयीत उतरलं.

स्वतः फिशर याबाबत पुष्कळ मोकळे होते. १९२६ च्या एका लेखात ते म्हणतात की वीसात एक कुणाला पुरेसं वाटत नसेल तर पन्नासात एक घ्या, शंभरात एक घ्या. आपली स्वतःची पसंती पाच टक्क्यांना आहे. पण त्याच लेखात पुढची अट आहे, आणि ती बहुतेकांच्या वाचनातून गळली. एखादी गोष्ट प्रयोगानं सिद्ध झाली असं केव्हा म्हणायचं? नीट आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि तो या कसोटीवर क्वचितच नापास झाला, तेव्हा. म्हणजे ०.०५ ही पहिल्या चाळणीची जाळी होती, निकालाचा शिक्का नव्हता. १९५६ मध्ये त्यांनी आणखी स्पष्ट लिहिलं की कोणताही शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं, सगळ्या प्रसंगी, एकच ठरावीक पातळी धरून बसत नाही. तो पुरावा आणि आपली समज पाहून ठरवतो. तोवर उशीर झाला होता.

इथे दुसरी एक परंपरा येते. येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये वेगळा विचार मांडला. त्यांचं म्हणणं असं की तुम्हाला शेवटी निर्णय घ्यायचा आहे, आणि निर्णयात दोन प्रकारच्या चुका होतात. नसलेलं आहे म्हणणं, आणि असलेलं नाही म्हणणं. यातली कुठली चूक महागात पडेल ते आधी ठरवा, मग रेषा ओढा. माझ्या मते रेषेचं खरं समर्थन कुठे असेल तर ते इथे आहे. पण त्यासाठी खर्च-फायद्याचा विचार प्रयोगाआधी करावा लागतो. झालं असं की पुढच्या पिढ्यांनी फिशरचा आकडा घेतला, नेमन-पिअर्सनची निर्णयाची भाषा घेतली, आणि दोघांचीही पथ्यं सोडून दिली.

हे दोन गट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकाच इमारतीत होते. कार्ल पिअर्सन १९३३ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या विभागाचे दोन तुकडे झाले, एक फिशर यांच्याकडे, एक पिअर्सन यांचे चिरंजीव इगॉन यांच्याकडे. चहाच्या वेळासुद्धा वेगळ्या होत्या म्हणतात. एक गट खोलीतून बाहेर पडल्यावर दुसरा आत यायचा. त्या काळात तिथे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा एक विद्यार्थी पीएच.डी. करत होता, पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या हाताखाली शिकले, आणि फिशर ज्या बेहरेन्स-फिशर कसोटीचा आग्रह धरत होते तिचे तक्तेही त्यांनीच तयार केले. दोन्हीकडचा चहा प्यालेला माणूस.

सुखात्म्यांचं नाव मी उगीच काढलेलं नाही. रेषेचा प्रश्न किती जिवावरचा असू शकतो हे आपल्या पुण्यात त्यांच्याच निमित्तानं दिसलं. १९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर दिवशी दर माणशी २,२५० कॅलरी ही रेषा होती. सुखात्मे तोवर रोममधलं अन्न व कृषी संघटनेचं काम संपवून पुण्यात आले होते. त्यांचा आक्षेप असा, की २,२५० ही सरासरी गरज आहे; निरोगी माणसाचा आहारही कमी-जास्त होत असतो, शरीर त्याच्याशी जुळवून घेतं, म्हणून सरासरीखालचा प्रत्येक माणूस कुपोषित ठरवता येणार नाही. रेषा सरासरीपासून दोन प्रमाणित विचलनं खाली ओढा. दांडेकरांना ते मुळीच मान्य नव्हतं, आणि हा वाद पुढे दशकभर चालला. रेषा खाली सरकली की कोट्यवधी माणसं कागदावर उपाशी राहिनाशी होतात. दोघंही मोठे, दोघंही आकडेशास्त्रात पक्के, आकडेवारीही एकच. फरक फक्त रेषेचा. आणि सुखात्म्यांचे ते दोन पाहिलेत ना? तेच आपले जुने दोन.

असो. आता शेत आणि ताट सोडून पेशीत जाऊ.

१९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या पॅट्रिक ब्राउन यांच्या गटानं मायक्रोअॅरे नावाचं तंत्र दाखवलं. काचेच्या पट्टीवर निरनिराळ्या जनुकांचे ठिपके, आणि कोणतं जनुक किती जोरात काम करतंय हे त्या ठिपक्यांच्या चमकेवरून मोजायचं. पहिल्या निबंधात एका छोट्या वनस्पतीची ४५ जनुकं होती. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, जोसेफ डेरिसी, विश्वनाथ अय्यर आणि ब्राउन यांनी यीस्टची झाडून सगळी, सहा हजारांवर जनुकं एकदम मोजली. यीस्टची साखर संपत आली की ते आपला सगळा संसार बदलतं. या बदलात सुमारे ७१० जनुकं किमान दुप्पट झाली, आणि सुमारे १,०३० निम्म्यावर किंवा त्याखाली आली.

दुप्पटच का? दीडपट का नाही, अडीचपट का नाही? सुरुवातीच्या पट्ट्यांवरच्या मोजमापात गोंगाट बराच असायचा, म्हणून काहीतरी जाडजूड अंतर ठेवणं शहाणपणाचं होतं. शिवाय शास्त्रज्ञ हे आकडे दोनच्या लॉगरिदममध्ये मांडतात, त्यात दुप्पट म्हणजे बरोबर १. आलेखावर ती रेषा दिसायला सुबक. यीस्टच्या बाबतीत हे चाललंही, कारण तिथले बदलच प्रचंड होते. पण पाहता पाहता 'दुप्पट' हा रिवाज झाला, आणि जिथे बदल प्रचंड नसतात तिथेही लोक तो लावू लागले.

दुसरी अडचण याहून मोठी. फिशरच्या शेतात प्रश्न एक, फार तर पाच-दहा. इथे एका पट्टीवर वीस हजार जनुकं, म्हणजे वीस हजार प्रश्न एकाच दिवशी. प्रत्येकाला ०.०५ ची कसोटी लावली, तर काहीही घडलेलं नसतानासुद्धा हजारएक जनुकं पास होतील. मग कसोटी कडक करायची. फार कडक केली की कुणीच पास होत नाही. १९९५ मध्येच योआव बेन्जामिनी आणि योसेफ हॉकबर्ग यांनी मधला मार्ग दाखवला. जाहीर केलेल्या शोधांपैकी सरासरीनं किती टक्के खोटे निघालेले चालतील, ते ठरवा. याला फॉल्स डिस्कव्हरी रेट, एफडीआर म्हणतात. कल्पना फार सुंदर आहे. पण 'किती टक्के चालतील' हे शेवटी माणसालाच सांगावं लागतं.

समजा यादी तयार झाली. पाचशे जनुकांची नावं हातात आली. त्यांचं करायचं काय? जनुकं सुटी सुटी काम करत नाहीत, टोळ्यांनी करतात. ऊर्जा तयार करणारी टोळी, पेशी दुभंगवणारी टोळी, जखम भरणारी टोळी. २००० साली जीन ऑन्टॉलॉजी हा प्रकल्प जाहीर झाला आणि कोणतं जनुक कोणत्या कामाचं, याची पद्धतशीर वर्गवारी सगळ्यांना मिळू लागली. मग रीत अशी पडली: आधी रेषेच्या वरच्या जनुकांची यादी करा, नंतर त्या यादीत अमुक टोळीची माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आहेत का ते मोजा. हे मोजायची कसोटीही बहुधा फिशर यांचीच असते, चहाच्या कपांच्या उदाहरणामुळे प्रसिद्ध झालेली. म्हणजे यादी करताना फिशर, यादी तपासतानाही फिशर.

यातला धोका एका हिशेबानं दाखवतो. एकूण २०,००० जनुकं. टोळीत १००. तुमच्या यादीत ५००. निव्वळ योगायोगानं टोळीतली अडीच जनुकं यादीत यावीत. समजा सहा आली. संभाव्यता निघते सुमारे ०.०४. झालं, 'टोळी सक्रिय आहे', निबंध लिहा. समजा पाचच आली. संभाव्यता सुमारे ०.१. 'काही आढळलं नाही.' आणि ते सहावं जनुक यादीत आलं का? तर त्याचा आकडा ०.०४९ होता. ०.०५१ असता तर नसतं आलं. एका जनुकाच्या काठावर पास होण्यावर अख्ख्या रोगाची कथा फिरते.

ही माझी कल्पनेतली भीती नव्हे. २००५ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्डच्या पॅन, लिह आणि स्टॅन्ली कोहेन यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. कोहेन म्हणजे १९७३ मध्ये हर्बर्ट बॉयर यांच्याबरोबर जनुक-जोडणीचं तंत्र उभं करणारे. त्यांनी दाखवलं की त्याच माहितीवर कट-ऑफ बदलला की जीवशास्त्रीय निष्कर्षही बदलतात, थोडेथोडके नव्हे, ठळकपणे. यात अप्रामाणिकपणा असायलाच हवा असं नाही. संशोधक एक कट-ऑफ लावतो, यादी फार मोठी येते. दुसरा लावतो, फार लहान येते. तिसऱ्याला 'अर्थपूर्ण' टोळी दिसते, तिथे तो थांबतो. निबंधात फक्त तिसरा येतो. आधी निकाल, मग नियम. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं.

आता मधुमेहाकडे येऊ, कारण या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग तिथे घडला. स्वीडनमधल्या ४३ पुरुषांच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे घेतले होते. १७ जणांची साखर व्यवस्थित, ८ जण उंबरठ्यावर, १८ जणांना टाइप २ मधुमेह. बावीस हजारांवर मोजमापं. वंशी मूथा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी आणि मधुमेही यांची जनुकागणिक तुलना केली, बहुविध कसोट्यांची दुरुस्ती लावली, आणि हातात काय आलं? शून्य. एकही जनुक रेषेवर गेलं नाही.

जुन्या रीतीनं इथे काम संपतं. यादीच रिकामी, टोळ्या कशात मोजणार? त्या ४३ माणसांनी मांडीतून तुकडे काढू दिले, आणि उत्तर 'काही फरक नाही'. असे किती अभ्यास त्या वर्षांत कपाटात गेले असतील, कोण जाणे.

मूथांच्या गटानं यादी करणंच सोडून दिलं. त्यांची पद्धत सांगायला पुन्हा दहावीकडे जाऊ. राज्यातल्या सगळ्या मुलांची गुणानुक्रमे एक लांब यादी लावा. पास-नापासची रेषा पुसून टाका. आता विचारा, अमुक तालुक्यातली मुलं या यादीत कुठे कुठे आहेत? वरपासून खाली चालत जा. त्या तालुक्यातलं मूल भेटलं की एक पायरी वर चढा, दुसरं कुणी भेटलं की थोडं खाली उतरा. मुलं यादीभर विखुरलेली असतील तर तुम्ही जमिनीच्या आसपासच वर-खाली होत राहाल. ती एका टोकाला गोळा झालेली असतील तर तुम्ही उंच चढाल किंवा खोल उतराल. ती जास्तीत जास्त उंची किंवा खोली म्हणजे त्या तालुक्याचा गुण. ती योगायोगाची आहे का, हे बघायला कोण निरोगी आणि कोण मधुमेही ही लेबलं हजार वेळा पिसायची, आणि प्रत्येक वेळी पुन्हा चालायचं. मूळ गणित कोल्मोगोरोव्ह आणि स्मिर्नोव्ह यांचं, १९३० च्या दशकातलं.

१४९ टोळ्या तपासल्या. सगळ्यात वर आली ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशनची टोळी, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात अन्नाची ऊर्जा करणारी जनुकं. मधुमेहींमध्ये ही जनुकं सरासरीनं जेमतेम २० टक्क्यांनी मंदावलेली होती. २० टक्के! दुप्पट-निम्म्याच्या रेषेपाशी हा फरक कुणाच्या नजरेतही भरला नसता. पण टोळीतल्या १०६ पैकी ९४ जनुकं खालच्याच दिशेला होती. थेंबे थेंबे तळे साचे, पण आपली गाळणी थेंबाथेंबाला लावलेली, तळं दिसणार कसं? त्याच वर्षी, २००३ मध्ये, बॉस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रातल्या मेरी-एलिझाबेथ पॅटी यांच्या गटानं मेक्सिकन-अमेरिकन लोकांच्या स्नायूंचा स्वतंत्र अभ्यास केला. पद्धत वेगळी, माणसं वेगळी, आणि बोट त्याच ऊर्जेच्या जनुकांकडे. ही मंदी मधुमेहाचं कारण की परिणाम, यावर पुढे बराच वाद झाला. पण प्रश्न टेबलावर आला, तो रेषा पुसल्यामुळे.

एक बारीकशी गंमत. १४९ टोळ्यांचा हिशेब धरून मूथांच्या निकालाची संभाव्यता होती ०.०२९. म्हणजे ०.०५ च्या आत. समजा ती ०.०६ निघाली असती, तर? जनुकांसाठी रेषा पुसली होती, पण टोळ्यांच्या दारात तीच रेषा उभी होतीच.

या पद्धतीवर आक्षेपही लगेच आले. २००४ मध्ये डेमियन आणि गॉरफाइन यांनी तिच्या संख्याशास्त्रीय बाजूवर पत्र लिहिलं. २००५ च्या शरद ऋतूत अरविंद सुब्रमण्यन, पाब्लो तमायो, मूथा आणि सहकाऱ्यांनी सुधारलेली आवृत्ती मांडली. तिचं नाव जीन सेट एनरिचमेंट अॅनालिसिस, थोडक्यात जीएसईए, आणि आज जगभर जी वापरतात ती हीच. जुन्या आवृत्तीत प्रत्येक पायरी सारखी होती, त्यामुळे यादीच्या मध्यावर गोळा झालेल्या टोळ्याही उगीच चमकत. आता टोकाकडच्या जनुकांना जास्त वजन दिलं.

याच निबंधात फुप्फुसाच्या कर्करोगाचं उदाहरण आहे, ते मला मधुमेहाइतकंच बोलकं वाटतं. बॉस्टन आणि मिशिगन, दोन वेगळे अभ्यास, प्रश्न एकच: कोणत्या जनुकांचा रुग्णाच्या वाईट परिणामाशी संबंध आहे? दोन्हीकडची पहिली शंभर जनुकं घेतली. त्यात सामाईक किती? बारा. उरलेली अठ्ठ्याऐंशी नावं दोन शहरांत दोन वेगळी. अशी यादी वाचून औषध शोधायला निघालेला माणूस बॉस्टनमध्ये एका वाटेला लागेल, मिशिगनमध्ये दुसऱ्या. तीच माहिती टोळ्यांच्या नजरेनं, पूर्ण यादी धरून बघितली, तर महत्त्वाच्या ठरलेल्या टोळ्यांपैकी सुमारे निम्म्या दोन्हीकडे त्याच होत्या. रोग एकच होता. शंभरावर मारलेल्या काटेमुळे तो दोन दिसत होता.

मग प्रश्न सुटला का? आता जीएसईएच्या आत डोकावू. टोळी महत्त्वाची केव्हा म्हणायची? एफडीआर २५ टक्क्यांच्या आत असेल तर. म्हणजे चारातला एक शोध खोटा निघाला तरी चालेल. त्यांचं कारण त्यांनी प्रामाणिकपणे दिलंय: ही पहिली टेहळणी आहे, नमुने थोडे असतात, इथे खरं हातचं सुटणं जास्त महाग, आणि पुढे प्रयोगानं पडताळायचंच आहे. हा अगदी नेमन-पिअर्सन पद्धतीचा युक्तिवाद आहे, आणि मला तो पटतो. पण लेबलं पिसण्याइतके नमुने नसले आणि त्याऐवजी जनुकं पिसली, तर हीच मंडळी सांगतात की २५ सोडा, ५ टक्के धरा. कारण जनुकं पिसली की टोळीतल्या जनुकांचं आपसातलं नातं तुटतं आणि निकाल फाजील आशावादी येतात. सूचनापुस्तिकेत हे लिहिलेलं आहे. सूचनापुस्तिका कोण वाचतं, हा वेगळा प्रश्न.

पुढे, टोळी किती मोठी असावी? १५ पेक्षा लहान आणि ५०० पेक्षा मोठी वगळायची, असं सॉफ्टवेअर आपणहून करतं. कारण आहेच, लहान टोळीचा गुण एखाददुसऱ्या जनुकावर डोलतो, फार मोठी टोळी म्हणजे अर्धं गावच. पण तुमच्या रोगाला कारण असलेली टोळी चौदा जणांची असली, तर ती तपासलीच जात नाही, आणि निकालात ती 'तपासली नाही' असं कुणी ओरडूनही सांगत नाही. वजनाचा घातांक १, तोही आपणहून. जनुकांचा क्रम कोणत्या मापानं लावायचा, तेही कुणीतरी निवडलेलं. आणि टोळ्या कुणी ठरवल्या? २००५ च्या संग्रहात १,३२५ संच होते. संग्रह बदलला की बहुविध कसोट्यांचा हिशेब बदलतो, आणि काल २४ टक्क्यांना पास झालेली टोळी आज २६ ला नापास.

माझं मत विचाराल तर, यातली एकही निवड मूर्खपणाची नाही. प्रत्येकीमागे कारण आहे, आणि २००३ नंतर जे दिसू लागलं ते आधी दिसत नव्हतं हे निर्विवाद. पण फिशरच्या तक्त्याचं जे झालं तेच इथे झालं. तिथे छापील रकाना होता, इथे आधीच भरलेली चौकट आहे. विद्यार्थी सॉफ्टवेअर उघडतो, चौकटीत आकडे दिसतात, तो खालचं बटण दाबतो. सुब्रमण्यन आणि मंडळींनी विचार करून घेतलेला निर्णय त्याच्यापुरता निसर्गनियम होतो.

आणि रेषा लावून यादी करण्याची जुनी रीत तरी गेली का? मुळीच नाही. ती सोपी आहे, वेबसाइटवर नावं चिकटवली की दोन मिनिटांत रंगीत आलेख मिळतो. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या मार्क झीमन यांच्या गटानं अशा अभ्यासांची तपासणी प्रसिद्ध केली. तुलना कशाशी केली, म्हणजे प्रयोगात खरोखर मोजलेल्या जनुकांशी की उगीच सगळ्या जनुकांशी, हा यादीच्या पद्धतीतला कळीचा मुद्दा. यादीची पद्धत वापरणाऱ्या ९५ टक्के विश्लेषणांत तो नीट पाळला नव्हता, किंवा पाळला की नाही ते सांगितलंच नव्हतं. बहुविध कसोट्यांची दुरुस्ती ४३ टक्क्यांत केलेली नव्हती. हे छापून आलेले, तज्ज्ञांनी तपासून पास केलेले निबंध आहेत.

विश्लेषण सुरू करण्याआधीच कट-ऑफ लिहून नोंदवून ठेवायचा, अशी पद्धत औषधांच्या मानवी चाचण्यांमध्ये आता सक्तीची झाली आहे. जनुकांच्या अभ्यासात ती अजून ऐच्छिकच आहे. तिथे ती का रुजली आणि इथे का नाही, त्याला दोन्हीकडच्या पैशाचा आणि कायद्याचा इतिहास आहे; तो पुढच्या व्याख्यानाचा विषय. आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.